मस्कतच्या हरळीस अनावृत पत्र

सौ. हरळीबाई यांस,
स. न. वि. वि.

गावाकडे तुमची काय पत होती, ते तुम्ही विसरला असाल, आम्ही नाही. काळ्या रानात तुम्ही शिरलात की शेतकरी कपाळाला हात लावायचा. खोल नांगरायचं, काशा वेचायच्या, बांधावर वाळवायच्या, जाळायच्या. आणि पुढच्या पावसात तुम्ही पुन्हा हजर! मान काय तो गणपतीपुढे, तोही एकवीस दूर्वांपुरता. इथे मात्र तुम्ही ‘लॉन’ होऊन, गुंडाळ्या करून, ट्रकमधून आलात. बिलासकट.

तेव्हापासून जावयाचे करावेत तसे लाड चालू आहेत. कंत्राटदाराने समुद्रकाठच्या खारट वाळूवर चार बोटं माती पसरली, तुम्हाला अंथरलं आणि फोन उचलणं बंद केलं. उरलो आम्ही आणि पाण्याचं बिल.

हिशेब सांगतो, रागावू नका. मस्कतला वर्षाचा पाऊस सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास. जूनच्या उन्हात तुम्हाला रोज सात-आठ मिलिमीटर लागतं. म्हणजे आकाशाने वर्षभर जे दिलं, ते तुम्ही पंधरवड्यात संपवता. पन्नास चौरस मीटरच्या तुमच्या संसाराला दिवसाला साडेतीनशे-चारशे लिटर! तेही बहुतेक समुद्राचं, वीज जाळून गोडं केलेलं. बरं, रात्री तरी गारवा मिळावा? २६ जून २०१८ला जवळच्या कुरय्यातमध्ये चोवीस तासांतलं ‘किमान’ तापमान ४२.६ अंश होतं.

याच देशात फलज नावाचे जुने कालवे आहेत. निझव्याच्या फलज दारिससह अशा पाच फलजांना २००६ साली युनेस्कोने जागतिक वारसा मानलं. तिथे पाण्याची पाळी वेळेच्या हिशेबाने मोजतात. आधी पिण्याचं, मग खजुराचं, उरलं तर हंगामी पिकांचं. शोभेच्या गवताचा नंबर मी शोधला; अजून लागलेला नाही.

आणि गंमत बघा, कुंपणापलीकडच्या वाळूत कुणी पाणी न घालता वाढलेला घाफ म्हणजे आपली शमीच! दसऱ्याला जिची पूजा करतो, तीच. मुळं खोल, पानं बारीक, तक्रार शून्य. आम्ही मात्र तिच्याकडे पाठ करून तुमच्यावर नळी धरून उभे. (शमीलाही पहिली एक-दोन वर्षं पाणी द्यावं लागतं, हे कबूल. पण ती त्या मुदतीत शहाणी होते.)

तुमच्या तब्येतीची कारणंही कळली आहेत. रोज वरवर शिंपडलं की पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच साठतात. म्हणून पाती पिवळी पडतात. पहाटे, खोलवर, दिवसाआड पाणी द्यावं, पातं जरा उंच ठेवावं, भर उन्हात कापू नये. एवढं ऑक्टोबरपर्यंत नक्की करू.

पुढे मात्र ही नोटीस समजावी. ऊन उतरलं की अंगणात शमी, बोरीचं भावंड असलेला सिद्र आणि बोगनवेल येतील. त्यांच्या बुडाशी ठिबक, वर खजुराच्या झावळ्यांचं आच्छादन. तुमची सोय स्वयंपाकघराच्या खिडकीत, एका कुंडीत केली आहे. गणपतीपुरत्या दूर्वा तिथे आरामात निघतील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बिल भरणारा