गडग्यावरच्या गप्पा

"काय हो वहिनी, वरच्या वाडीने बंधारा घातलासुद्धा!"

"इतक्यात? आमची अजून मळणी आटपली नाही."

"हे काल कुळीथ पेरायला गेले, तर वहाळाला नुसती ओल."

"म्हणजे यंदाही भांडण?"

"छे हो! त्यांचा भरला की वरून सांडून खाली येतंच. चार दिवस दम काढायचा. शिवाय अडलेलं पाणी मुरतं, ते आपल्याच विहिरीला लागतं. तो कृषी सहायक म्हणत होता, पाऊस 3000 मिलिमीटरच्या वर, पण जांभ्यात ठरतोय कुठे! वहाळातनं काजळीला, काजळीतनं भाट्याच्या खाडीत. शिमग्याला आपण कळशी घेऊन मोकळे."

"गोण्या जमल्या का पण?"

"सिमेंटच्या रिकाम्या मिळाल्यात. गेल्या साली काय झालं, पोरांनी गोणीवर गोणी सरळ रचली, सांधे एकाखाली एक. आठवड्यात मधनं फुटला. विटेसारखा सांधा मोडायला हवा, मधे माती चोपायला हवी. आणि तोंडं शिवायची, नुसती मुरगाळून नाही चालत."

"ते जाऊ दे. कोंडीत ब्लीचिंग कोणी टाकली, कळलं?"

"हळू! भिंतीला कान असतात, आपल्या गडग्याला तर भोकं आहेत."

(पुढे ते नाव दोघींनी तीनदा घेतलं. इथे छापणं बरं नव्हे.)

"मळवे, खवळे, शेंगट्या, सगळं उताणं. बोटाएवढी पिल्लंसुद्धा."

"दोन्ही वाड्यांचे गणपती त्याच कोंडीत जातात हो! हात कसा धजावला?"

"आपले तरी कुठे धुतल्या तांदळाचे? पावसाच्या तोंडाला चढणीचे मासे पागात धरायचे, गाबोळीने भरलेले, आणि मग म्हणायचं, वहाळात मासे उरले नाहीत."

"तुमच्याकडचं कालवण मात्र छान झालं होतं, काकू."

"बरं, बरं. रविवारी आपला बंधारा. घरटी एक माणूस हवा, फावडं घेऊन. आणि तुमच्या दिरांना सांगा, गोणी उचलायला कंबर दुखते म्हणणाऱ्याने रात्री वहाळाला पंप लावायचा नाही. सगळी वाडी आवाज ओळखते त्या पंपाचा."