भुशाचा वैरी

आमच्या चिंचवडच्या कॉलनीतल्या काकांची गाडी बारा महिने रस्त्यावर उभी असते, कारण गाडीच्या जागेत काकांचं सुतारकाम राहतं. राहतं म्हणायचं, चालतं म्हणवत नाही. कारखान्यातून निवृत्त झालेल्या सुपरवायझरांची ही एक जातच आहे. फंडाचे पैसे हातात आले की रंधा, पटाश्या, गुण्या, ड्रिल, गोल करवत अशी खरेदी होते. मग ती टांगायला भिंतभर फळी. फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती काळ्या रंगाने काढलेली, म्हणजे हत्यार जागेवर नसलं तर तिथे त्याचं भूत दिसावं. वर सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके असे कारखान्यात पाठ झालेले पाच जपानी मंत्र ऑइलपेंटने लिहिलेले. यातला तिसरा झाडलोटीचा. निवृत्त झाल्यापासून काका तिसऱ्यावरच आहेत. काकूंची तक्रार एवढीच, की हे पाचही जपानी दाराशी थबकतात, स्वयंपाकघरापर्यंत काही येत नाहीत.

काका फळीला करवत लावतात ती चारेक बोटं आत जाईपर्यंत. तेवढ्यात त्यांना भुसा दिसतो. करवत बंद, व्हॅक्यूम सुरू. झाडूला इथे बंदी आहे. झाडूने जाड भुसा जातो, पण बारीक धूळ उडते आणि तासन्‌तास हवेत तरंगत राहते. डोळ्यांना दिसत नाही तीच छातीत खोल जाते. पंपाच्या हवेने फुंकर मारणारा माणूस तर काकांच्या लेखी गुन्हेगार. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं, हे ते दूधवाल्यालाही सांगतात. दूधवाल्याचा लाकडाशी काय संबंध, हे विचारायची सोय नाही. आणि पंचाईत अशी की काकांचं सगळं बरोबर असतं.

एरवी या जागेत काका काही करत नाहीत हा आरोप मात्र खोटा आहे. त्यांनी एक वस्तू पूर्ण केली आहे. डिस्टेंपरच्या वीस लिटरच्या बादलीला झाकणावर शंकूसारखं नरसाळं बसवून त्यांनी व्हॅक्यूमच्या वाटेत एक चक्री जोडली. हवा आत शिरते ती गरगर फिरते, जड भुसा कडेला फेकला जाऊन खाली बादलीत पडतो आणि फक्त बारीक धूळ पुढे फिल्टरकडे जाते. त्यामुळे फिल्टर लवकर तुंबत नाही, ओढ लवकर कमी होत नाही. पहिल्याच दिवशी नळीच्या तोंडाशी पॉलिश पेपरचा तुकडा अडकला, हवा यायची बंद झाली आणि बादली मोठ्ठा आवाज करून चारी बाजूंनी आत गेली. काकू पदराला हात पुसत धावत आल्या. काका म्हणाले, “बघ, काय ओढ आहे!” मग जाड पत्र्याचं पिंप आणलं. सुतारकामाच्या जागेत तयार झालेली एकमेव वस्तू ती, सुतारकामाची जागा झाडण्याची.

पावसाळ्यात काकांना झोप नसते. लोखंडावर राहिलेला भुसा ओल धरतो आणि सकाळी रंध्याच्या पात्यावर तांबडे ठिपके. म्हणून रोज रात्री तेलाचा हात, खणात कापराच्या वड्या. खंडेनवमीला काकू हत्यारांना हळदकुंकू वाहतात. काका मनोभावे नमस्कार करतात, आणि काकूंची पाठ वळली की ओलं कुंकू पुसून घेतात. जवसाच्या तेलाचे बोळे काकूंच्या साड्यांशेजारी दोरीवर पसरलेले असतात, कारण चुरगळून टाकले तर ते आपोआप तापून पेट घेतात. हेही खरंच आहे. साडीला वास लागतो हेही खरं, पण ते या शास्त्रात येत नाही.

गेल्या वर्षी काकूंनी काकांची वाट न बघता कपाटासाठी मिस्त्री बोलावला. तो कानावर पेन्सिल ठेवून जमिनीवर बसला, फळी पायाने दाबली आणि घोटाभर ढलप्यांत आठवड्यात कपाट उभं केलं. खाली पडलेला स्क्रू तो त्या ढिगातून न बघता उचलायचा. काका मागून व्हॅक्यूम घेऊन फिरत होते.

“साहेब, पाय उचलू का?” मिस्त्रीने विचारलं.

“उचल. आणि मास्क नाकावर घे, हनुवटीला काय दम लागतो?”

मिस्त्री खोकत हसला. तो खोकला त्याचा जुना आहे, सागाच्या भुशाने हातालाही खाज सुटते म्हणाला. मास्क मात्र हनुवटीवरच राहिला, कारण तोंडात तंबाखू होती. काका त्या रात्री फारसे जेवले नाहीत.

तेव्हा माझा सल्ला असा, की पाट, चौरंग, कपाट करून घ्यायचं असेल तर सरळ मिस्त्रीकडे जा, आणि जाताना त्याच्यासाठी चार चांगले मास्क न्या. घरात तयार पाट पडून असेल तर मात्र काकांकडे द्या. खिळ्यांचा गंज निघून, सांध्यातली धूळ उपसून, तेल पुसून परत मिळेल, पैसे घेणार नाहीत. फक्त चपला बाहेर काढा.