भिंत पास, माती बाकी

बेटम्यात घर बांधायचं तर मध्य प्रदेशाचे भूमी विकास नियम, २०१२ आहेत, नगर परिषद आहे, नकाशा आहे. राष्ट्रीय इमारत संहिताही आहे. ती सांगते, कुंपणभिंत समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून दीड मीटर उंच, वरचा ०.९ मीटर भाग जाळीदार ठेवलात तर २.४ मीटर. म्हणजे भिंत मोजायची ती येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बाजूनं. मागच्या बाजूला भराव असतो माळव्याच्या काळ्या मातीचा, आणि ती पाणी प्यायली की फुगते. टेप तिकडे नेण्याची पद्धत नाही.

मिस्त्री दीड इंची पाइपाचे तुकडे घेऊन विचारतो, पाणी निघायला भोकं ठेवू का? मालक दचकतात. भोकं? गिलाव्यावर ओघळ येतील ना! एवढा महागाचा रंग!

रंगाचं ठीक, पण भिंतच गेली तर? २९ जून २०१९ ला पुण्यात कोंढव्याला सोसायटीची भिंत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली, पंधरा जण गेले. चौकशी समिती लगेच बसली. समित्यांना मात्र पाया कधी कमी पडत नाही.

तर इकडे पाइपाचे तुकडे कोपऱ्यात पडलेत. मालक फाटकाच्या डिझाइनमध्ये गुंतलेत.