गल्ल्यावरचा मालक

पावसाळी रविवार, लोणावळ्यातलं चिक्कीचं दुकान. गिऱ्हाइकाशी बोलायला गल्ल्यावर एकटा मालक. मागे कारागीर पाक लाटताहेत. आता मालकच उठून कढई ढवळायला गेला तर?

ग्राफिकल प्रोग्रॅममधला खिडकी सांभाळणारा थ्रेड म्हणजे हाच मालक. क्यूटी घ्या, नाहीतर जावाचं स्विंग. खिडकीतल्या बटणाला-लेबलला हात त्यानंच लावायचा. तळेगावहून रोज हिंजवडी गाठणाऱ्या आमच्या प्रोग्रॅमर वीरांना हे तोंडपाठ असतं. मुलाखतीपुरतं. मग बटण दाबताच अख्खी फाइल त्याच थ्रेडवर वाचायला घेतात. 5 सेकंद वाट पाहून विंडोज जाहीर करतं : 'नॉट रिस्पॉन्डिंग'.

दुसरा वीर जास्त शिकलेला. तो कामगार थ्रेडमधूनच लेबल बदलतो. एका मशीनवर चालतं, दुसऱ्यावर कोसळतं, खापर लिनक्सवर. सिग्नल पाठवून मालकाला निरोप द्यायची सोय आहे, पण निरोप देणं कमीपणाचं!

तिसऱ्यानं क्यूटीतलं क्यूप्रोसेस वापरून वेगळी प्रोसेसच काढली. आणि पुढच्याच ओळीत 'वेटफॉरफिनिश्ड'. म्हणजे काम दुसऱ्याला दिलं आणि स्वतः दारात ताटकळत उभे. सांगितलं नाही तर मुदत 30 सेकंदांची.

वापरणाऱ्याला धीर म्हणून फिरणारं चक्र लावलंय म्हणे. तेही त्याच थ्रेडवर.