पलीकडे काम असावं

संध्याकाळी सात वाजता भाईंदर पश्चिमेच्या स्टेशनबाहेर सायकल चालवणाऱ्या माणसाला जगात कशाचीच भीती वाटू नये. शेअर रिक्षा कुठे वळणार हे रिक्षावाल्यालाही वळल्यावरच कळतं. भाजीची हातगाडी, तिच्यापुढे एकाएकी थबकलेल्या बाई, मोबाईल खांद्याने कानाशी दाबून उलट्या दिशेने येणारा स्कूटरवाला, पेव्हर ब्लॉकचा उखडलेला कोपरा, या सगळ्यांतून आमच्याकडचे लोक एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने कोथिंबीर सांभाळत घरी पोचतात. त्याबद्दल त्यांना कोणी पदक देत नाही. तेच लोक रविवारी सकाळी हेल्मेट, हातमोजे, गुडघ्यांना पॅड असा सरंजाम चढवून मोरव्याला मिठागराच्या बांधापाशी येतात आणि फूटभर रुंदीचा मातीचा वरंबा पाहून जागच्या जागी थिजतात.

स्टेशनवरून उत्तनच्या रस्त्याला लागलं की मुर्धा, राई आणि मोरवा ही गावं एकामागून एक लागतात. जुन्या आगरी घरांच्या शेजारी उगवलेले बंगले, रस्त्याकडेला तिवरं आणि तिवरांमागे मिठागरं. तसंच पुढे गेलं की डोंगरी, उत्तन आणि टोकाला चौक. तिथे धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. समोर खाडी आणि खाडीपलीकडे वसई. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत ही टेकडी महत्त्वाची ठरली होती. आम्हा सायकलवाल्यांच्या मोहिमेतही ती महत्त्वाची आहे, कारण साऱ्या पट्ट्यात चढ म्हणावा असा चढ तेवढाच. बाकी सगळं सपाट. एकवीस गिअरची माउंटन बाइक घेऊन बसलेल्या माणसाने मग डोंगर आणायचा कुठून? त्याने बांध शोधला.

बांध ही काही आमच्यासाठी केलेली सोय नव्हे. पावसाळा सरला की मिठागरात डागडुजी सुरू होते. खचलेल्या बांधांवर चिखल चढवायचा, वाफ्यांचे तळ पायांनी तुडवून घट्ट करायचे, भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सरकवत उन्हाने आटवायचं आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरायचं. हे काम पुढच्या पावसापर्यंत चालतं. वाफ्यावाफ्यांच्या मधून जाणारे हे बांध पाणी अडवायला आणि माणसांना चालायला. आता बरीचशी मिठागरं बंद पडली आहेत, काही बांध तिवरांनी गिळले, तरी जे उरलेत ते पायाखालचे आणि ठाकठीक.

हिशेबाने पाहिलं तर या बांधात भिण्यासारखं काही नाही. माझ्या सायकलचा टायर जेमतेम सहा सेंटिमीटर रुंद. बांधाचा माथा तीस सेंटिमीटर धरला तरी त्यावर पाच टायर शेजारी शेजारी मावतील. रस्त्याच्या कडेला रंगवलेला पांढरा पट्टा याच्या निम्मा असतो आणि कंटाळा आला की मी त्या पट्ट्यावरून सुतात सायकल नेतो, गाणं गुणगुणत. म्हणजे तीस सेंटिमीटरवरून सायकल नेण्याचं कसब अंगात आहे. अडचण एवढीच, की पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना डांबर असतं आणि बांधाच्या दोन्ही बाजूंना गुडघाभर काळा चिखल. आपण सायकल चालवतो बांधावरून, पण डोकं चालतं चिखलातून.

आणि डोक्याने एकदा चिखलात पाय ठेवला की बाकीच्या अवयवांचा इलाज चालत नाही. नजर ज्या जागी रुतते तिकडे हँडल वळतं, हा सायकलचा जुना कायदा. रस्त्यावरचा एकुलता एक खड्डा चुकवायचा म्हणून त्याच्याकडे एकटक पाहणारा माणूस नेमका त्याच खड्ड्यात जातो. दुसरा कायदा वेगाचा. सायकल वेगात असली की हँडलच्या किंचित हालचालीने तोल सावरतो, मंदावली की तोच तोल सावरायला हँडल इकडून तिकडे मोठमोठं फिरवावं लागतं. भ्यायलेला माणूस ब्रेक दाबतो, सायकल मंदावते, मंदावली की डुगडुगते, डुगडुगली की तो आणखी भितो आणि आणखी ब्रेक दाबतो. शेवटी तो पडतो तेव्हा जवळपास उभाच असतो. त्यामुळे लागत काही नाही, पण पाहणाऱ्याला समजत नाही की हा पडला की बसला.

जगभर डोंगरात सायकल चालवणाऱ्यांना धडकी भरवणाऱ्या ज्या जागा आहेत, त्या बहुतेक याच जातीच्या. ओली मुळं: काटकोनात, ब्रेक न लावता ओलांडली तर निमूट जाऊ देतात, वर ब्रेक लावला की चाक बाजूला फेकतात. दगडांचा खच: थोडा वेग असला तर चाक दगडांवरून तरंगत जातं, रेंगाळलं तर प्रत्येक दगड आपली ओळख करून देतो. कमरेएवढी पायरी: वरून पाहिली तर दुमजली, खालून पाहिली तर कमरेचीच. दोन झाडांमधली फट: आजकालचं हँडल पाऊण मीटरहून रुंद, फट त्याहून वीतभर जास्त, तरी माणूस श्वास आत ओढतो, जणू पोट आत घेतलं की हँडलही आत जाईल. आणि तीव्र उतार. तिथे लहानपणीचा संस्कार आडवा येतो. आपल्याकडे प्रत्येक मुलाला बजावलेलं असतं की पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटा होशील. उतारावर मात्र भार पुढच्या चाकावर येतो आणि सायकल खरी आवरतो तो पुढचाच ब्रेक. अंग मागे घेऊन तो हलकेच दाबायचा, एवढंच. पण वडिलांचा आवाज आणि न्यूटनचे नियम यांच्यात निवड करायची वेळ आली की मराठी माणूस वडिलांचं ऐकतो आणि मागचं चाक घासत खाली जातो.

गंमत अशी, की या खेळाचा जन्मच ब्रेकच्या धुरातून झाला. कॅलिफोर्नियात फेअरफॅक्स गावाजवळ एका कच्च्या उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी शर्यत लावली. सुमारे साडेतीन किलोमीटरमध्ये चारेकशे मीटर खाली यायचं. सायकली होत्या पेपर टाकणाऱ्या पोरांच्या काळातल्या जुन्या, जड, फुगीर टायरच्या. मागच्या चाकाच्या ब्रेकमधलं ग्रीस खाली येईपर्यंत जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून शर्यतीचं नावच ‘रिपॅक’ पडलं. वीस वर्षांनी, १९९६ साली, अटलांटाला हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला. तरुणांच्या त्या टोळक्याला मात्र खाली कोणतंही काम नव्हतं. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

कारण कॅनडात व्हँकुव्हरच्या उत्तरेच्या डोंगरात याच्या उलट झालं. तिथल्या जंगलात पाऊस फार, जमीन सदा भिजलेली. चिखलातून सायकल पार व्हावी म्हणून लोकांनी सीडरच्या लाकडाच्या फळ्या ठोकून साकव केले. सोयीसाठी. मग कोणाला तरी वाटलं, फळी थोडी अरुंद केली तर? पुढच्याने आणखी अरुंद केली, त्याच्या पुढच्याने ती जमिनीपासून उंच नेली, कोणी तिला वळण दिलं. चिखलाची अडचण दूर करण्यासाठी केलेली फळी स्वतःच अडचण झाली आणि लोक ती पार करायला लांबून येऊ लागले. आमच्या मोरव्याच्या बांधाचं तरी वेगळं काय झालं? मिठागरवाल्याने चिखलात पाय भरू नयेत म्हणून बांध घातला, आम्ही त्यावर रविवारी चिखलाला भीत उभे राहतो.

एकदा आमचा सगळा ताफा बांधाच्या तोंडाशी चर्चा करत उभा होता. आमच्यात एक तरुण इंजिनिअर आहे, तो प्रत्येक अडथळ्याचा आधी व्हिडिओ पाहतो. तो सांगत होता, नजर दहा मीटर पुढे, कोपर सैल, पेडल समांतर. तेवढ्यात समोरून आगरातल्या एक मावशी डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरून आल्या. त्यांची नजर दहा मीटर पुढे नव्हती. ती मागून येणाऱ्या बाईकडे वळलेली होती, कारण दोघींचं भांडण चाललं होतं. मान मागे, पाटी डोक्यावर, एक हात हवेत मुद्दा मांडतोय आणि पाय आपले सरळ. आमच्यापाशी आल्यावर त्यांनी भांडण क्षणभर थांबवलं, आमच्या पॅड लावलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “दादा, उतरून जा ना. कोन बघतंय?” एवढं बोलून दोघीजणी बघत उभ्या राहिल्या.

तेव्हा मला वाटलं की ज्याचं पलीकडे काम असतं त्याला बांध पुरेसा रुंद असतो. मावशींनी बांधाकडे कधी निरखून पाहिलंच नसेल. त्यांना पाटी पोचवायची होती आणि भांडण जिंकायचं होतं. आम्हाला पलीकडे काहीच करायचं नव्हतं. पलीकडे जायचं, फोटो काढायचा आणि परत यायचं. मनाला दुसरा उद्योगच नसेल तर ते भिणार नाही तर काय करणार? भीती वाटण्यासाठी भरपूर सवड लागते आणि ती आम्ही पैसे खर्चून मिळवली होती.

दुसरी गोष्ट होती ती उतरण्याची. मावशी सहज म्हणाल्या ‘उतरून जा’, पण आमच्या ताफ्यात उतरणं म्हणजे नाक कापलं जाणं. हे कधीपासून? आमच्या लहानपणी सायकलवरून उतरणं ही रीत होती. समोरून शाळेतले गुरुजी आले की पोरगं टुणकन खाली उतरून उभं राहायचं. चढ आला की उतरायचं, देवळासमोर उतरायचं, कुत्रं मागे लागलं की उतरायचं, मग कुत्र्यालाही पुढे काय करावं ते सुचायचं नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यांच्या आधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. राजा एकच असतो. बाकीची प्रजा घाटात सायकल ढकलतच मोठी झाली. युरोपात सायक्लोक्रॉस नावाचा शर्यतींचा प्रकार आहे. त्यात वाटेवर चाळीस सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या फळ्या मुद्दाम आडव्या लावतात. बहुतेक गडी धावत्या सायकलवरून उतरतात, सायकल उचलतात, फळ्या ओलांडतात आणि उडी मारून पुन्हा बसतात. तिथे उतरणं ही कला आहे. उलट ट्रायल्स नावाच्या दुसऱ्या प्रकारात, जुन्या नियमांप्रमाणे, पाय जमिनीला लागला की दंडाचा गुण. आम्ही रविवारचे सायकलवाले कसलीच शर्यत लावत नाही, तरी न विचारता हा दुसरा नियम स्वतःला लावून घेतला.

खरा अडथळा मुळांचा नाही, दगडांचा नाही, बांधाचाही नाही. तो आहे मागे उभ्या असलेल्या चार जणांचा. एकटा असताना माणूस बांधाशी येतो, पाहतो, जमेल वाटलं तर जातो, नाहीतर उतरून चालू लागतो. दोन्हींत त्याला सारखीच मजा येते. मागे चार जण असले की तो जमणार नाही हे ठाऊक असूनही जातो, किंवा जमेल हे ठाऊक असूनही उगाच ‘चेन सैल वाटते’ म्हणत खाली वाकतो. आमच्या ताफ्यात सर्वांत जास्त चेन बांधाच्या तोंडाशीच सैल होतात.

यावर उपाय घरातून आला. कैऱ्यांचे दिवस होते. बायको म्हणाली, एवढे मोरव्याला जाता तर लोणच्याला खडेमीठ तरी आणा. मिठाच्या राशी बांधाच्या पलीकडे. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच मला पलीकडे काम मिळालं. गेलो, दोन पिशव्या मीठ घेतलं, हँडलला दोन्ही बाजूंना अडकवलं आणि परतीच्या वाटेवर बांधाशी आल्यावर सरळ उतरून सायकल हातात धरून चालत आलो. मीठ पाण्यात पडलं असतं तर घरी काय सांगणार? अलीकडे इंजिनिअर उभा होता. म्हणाला, “काका, उतरलात?” मी म्हटलं, “मीठ आहे.” त्याने मान डोलावली. पुढे काहीच विचारलं नाही. उलट एक पिशवी धरायला आला.

पलीकडे काम असलं की भीती पळते, असा माझा समज होता. तसं नाही. भीती तेवढीच राहते, जाते ती फक्त तिची लाज. मावशींनाही पाटी तोलून चालताना आत कुठे धाकधूक होत असेल, नसेल, त्या सांगणार नाहीत. पण काम असलेल्या माणसाला कोणी ‘उतरलास का’ म्हणून विचारत नाही, आणि तो स्वतःलाही विचारत नाही.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही लोणावळ्याहून राजमाचीला निघालो. पंधराएक किलोमीटरचा कच्चा रस्ता, सुटे दगड, ओढे आणि अधूनमधून असा उतार की खालचं दिसतच नाही. अशाच एका उतारावर आम्ही थबकलो असताना उधेवाडीच्या बाजूचा एक जण मोटारसायकलच्या मागे गॅसचा सिलिंडर बांधून आमच्या शेजारून खडखडत निघून गेला. सगळे गप्प. मग इंजिनिअरने उताराकडे एकदा नीट पाहिलं, पाय जमिनीवर ठेवला आणि हेल्मेट सारखं करत शांतपणे म्हणाला, “मीठ आहे.” आम्ही सगळे उतरलो.