आमचे अध्यक्ष

आमच्या तालुक्यात नुसतं ‘अध्यक्ष’ म्हटलं तरी लोकांना कळतं. कुठल्या पक्षाचे, ते मात्र कुणालाच सांगता येत नाही. पक्षाचं लेटरपॅड आहे, रबरी शिक्का आहे. कार्यकर्ता तेवढा यायचा राहिलाय.

अध्यक्षांचं सगळं राजकारण निवेदनात, आणि निवेदनाचा जीव पोचेत. पीकविमा असो, ऊसतोडीला गेलेल्यांचं रेशन असो की स्टँडवरची मुतारी. दोन प्रती टाइप होतात. एक साहेबांना, दुसरीवर आवकचा शिक्का. साहेब म्हणतात, ‘बघतो.’ अध्यक्ष म्हणतात, ‘बघा नाहीतर राहू द्या. पोच द्या.’

माझ्या पुतणीच्या लग्नात पाकीट देऊन ते आहेराच्या वहीपाशी उभेच. म्हटलं, ‘चला, पंगत बसली.’ ‘नोंद झाल्याबिगर कसं, सर?’ त्या ओळीचा मोबाइलवर फोटो निघाला, तेव्हा कुठे बुंदी घशाखाली उतरली. देवीपुढे नारळ फोडल्यावरही ते पुजाऱ्याकडे अशा नजरेने बघतात की मलाच ओशाळल्यासारखं होतं.

एकदा बीडमधून लोकसभेला उभे राहिले. डिपॉझिट 25,000 रुपये. वैध मतांच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त मतं पडली नाहीत की जप्त. जप्त झालं. त्यावर वहिनी जे बोलल्या ते दिवाळी अंकातसुद्धा छापता येणार नाही. अध्यक्ष थंड : ‘पावती आहे ना.’ 2024 ला पुन्हा निघाले, पण मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला दहा सूचक लागतात. आठवरच गाडी अडली. निकालात बजरंग सोनवणेंनी पंकजा मुंडेंना 6,553 मतांनी हरवलं, आणि आठवडाभर अध्यक्ष हा आकडा चहाच्या टपरीवर असा सांगत होते, की जणू तेवढी मतं त्यांनी खिशात राखून ठेवली होती.

हसायला सोपं आहे. पण याच बीडने 1967 साली सांगलीकडच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना कम्युनिस्ट पक्षातर्फे लोकसभेत पाठवलं, 1977 ला मार्क्सवादी गंगाधरअप्पा बुरांडेंना. अध्यक्षांच्या भिंतीवर क्रांतिसिंहांचा फोटो आहे. ‘त्यांच्याकडं तरी काय होतं, सर? साधं लेटरपॅड तरी असंल का?’ इथे मात्र मला उत्तर सुचत नाही.

आणखी एक सांगायलाच हवं. गल्लीतल्या एका म्हातारीचं निराधारचं अनुदान बंद पडलं. कार्यालयात उत्तर मिळालं, तुमचा अर्जच आलेला नाही. अध्यक्षांनी पिशवी उपडी केली. रेशन, मुतारी, विमा असं बाजूला सारत जुनी पोच काढली, शिक्क्यासकट. टेबलापलीकडचा आवाज एकदम खाली आला. पैसे सुरू झाले.

पुढच्या निवडणुकीला मी म्हातारीला सहज विचारलं, ‘मावशी, या बारीला अध्यक्षालाच का?’

‘त्यांना कशापायी?’ ती म्हणाली. ‘ते निवडून गेल्यावर आपली कामं कोण करंल?’