पडद्याचा तळमजला

परवा आईच्या मालिकेतले आजोबा गेले. पाच-सहा महिने ते जाणार-जाणार म्हणत होते, पण दर शुक्रवारी कुणीतरी परदेशातून येई आणि त्यांचा जीव पुन्हा अडके. परवा मात्र लक्षणं खरी होती. आईने लवकरच जेवण उरकलं, चष्मा पदराने पुसला, पाठीशी उशी घेतली. आजोबांना ओसरीवर आणून ठेवलं. जन्मभर त्यांच्याशी भांडलेली धाकटी सून उंबऱ्यापाशी थबकली, मग दोन पावलं पुढे आली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकली. एवढ्यात ‘टिंग’ असा आवाज झाला आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातून वीतभर उंचीची एक बाई लख्ख घासलेली कढई घेऊन धावत आली. आजोबांचे पाय होते नेमक्या त्या जागी तिने ती कढई ठेवली. सून वाकली ती थेट साबणाच्या फेसात. फेसातूनच तिचे हुंदके ऐकू येत राहिले. आईच्या डोळ्यांत आलेलं पाणी खाली उतरावं की आल्या वाटेने परत जावं, या विचारात पापणीशीच थांबलं. “पाय कुठे गेले गं त्यांचे?” तिने मला विचारलं.

प्रश्न साधा होता, पण मला काही उत्तर सुचेना. तेव्हापासून मी लक्ष ठेवून आहे आणि माझी खात्री झाली आहे की टीव्हीवरच्या माणसांचे पायच नाहीसे होत चालले आहेत. नवी नवरी माप ओलांडते तेव्हा माप पट्टीखाली गेलेलं असतं. ती बिचारी निऱ्या किंचित उचलून पाय पुढे टाकते आणि घरोघरच्या प्रेक्षकांना वाटतं, हिला झुरळ दिसलं. पैठणीचा सगळा तोरा काठात, तर काठावर कुणाचातरी मोबाइलचा प्लॅन पसरलेला. पाककृतीच्या कार्यक्रमात फोडणी नुसतीच ऐकू येते. मोहरी तडतडते, सुगरण ‘बघा, असा रंग यायला हवा’ म्हणते, आणि आपण बघतो तर तिथे एक गुटगुटीत बाळ डायपर घालून रांगत असतं. पडद्याचा तळमजला असा भाड्याने गेला आहे. मूळची बिऱ्हाडं वरच्या मजल्यावर राहतात, आणि त्यांचा जिना कुणीतरी काढून नेलेला आहे.

या धंद्यातली माणसं खालच्या पट्टीला ‘अॅस्टन’ म्हणतात. पडद्यावर अक्षरं उमटवणारी यंत्रं बनवणारी त्या नावाची एक ब्रिटिश कंपनी होती. तिचं नाव पट्टीलाच चिकटलं, जसं आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा. पट्टी खालून आणि बाजूनेही आली आणि कार्यक्रम उरलेल्या कोपऱ्यात आकसला, तर तो एल-बँड. मला विचाराल तर एल-बँड त्यातल्या त्यात सभ्य. अॅस्टन सरळ मांडीवर येऊन बसतो. एल-बँड निदान एसटीतल्या तिसऱ्या प्रवाशासारखा ‘जरा सरकून घ्या’ म्हणतो. क्रिकेटमध्ये तो दोन चेंडूंच्या मध्ये येतो. गोलंदाज आपल्या खुणेकडे सावकाश चालत जातो, फलंदाज खेळपट्टीवर उगीच बॅटीने टकटक करतो, तो काळ म्हणजे खरं तर या खेळातला विचार करायचा काळ. त्याच वेळी अख्खं मैदान, पहिल्या धुण्यात मांजरपाटाचा लेंगा आटावा तसं आटतं, आणि गोलंदाज धावू लागला की पुन्हा भसकन ताणून मोठं होतं. अशा मैदानावर कुणाला टप्पा सापडतो, याचंच मला कौतुक वाटतं.

आमच्या बाबांना मात्र अॅस्टनने फार छळलं. बाबा नोकरीने कारकून आणि मनाने तबलजी. तरुणपणी चार वर्षं शिकले, मग फायली आल्या. उरलेला त्रिताल त्यांनी जेवणाच्या टेबलाच्या कडेवर वाजवला. टीव्हीवर मैफल लागली की ते मागे भिंतीशी आपल्या वेताच्या खुर्चीत बसत. गवयाकडे त्यांचं लक्ष नसे. ते बघत साथीदाराचं डग्ग्यावरचं मनगट. आता मैफलीतली माणसं मांडी घालून बसतात आणि तबला असतो बैठकीवर, म्हणजे नेमका पट्टीच्या वाटेत. गवयाचा चेहरा, आलापीबरोबर हवेत फिरणारा हात, मागे तानपुऱ्यांच्या खुंट्या, सगळं शाबूत. फक्त तबला तेवढा एका बँकेच्या गृहकर्जाखाली गाडला गेलेला. अशा वेळी बाबा खुर्चीत पुढे वाकत, मान तिरकी करत आणि दाराच्या फटीतून पलीकडे पाहावं तसं त्या पट्टीच्या खालून बघू लागत. “बाबा, काच आहे ती, तिच्याखाली काही नाही,” मी एकदा म्हणाले. “माहीत आहे गं,” ते म्हणाले आणि तसेच वाकून राहिले. तिहाई समेवर येऊन पडली तेव्हा त्यांनी गृहकर्जाकडे बघत समाधानाने मान डोलावली.

या सगळ्याविरुद्ध नियम नाही असं नाही. केबल टेलिव्हिजनच्या १९९४ च्या नियमावलीतला सातवा नियम जाहिरातींविषयी आहे. जाहिरात कार्यक्रमापासून स्वच्छ वेगळी ओळखू यावी, तिने कार्यक्रमात कोणत्याही प्रकारे लुडबुड करू नये, असं त्यात आहे. लुडबुड म्हणजे काय हे कुणाला कळलं नाही तर, म्हणून उदाहरणही दिलं आहे: पडद्याच्या खालच्या भागात कार्यक्रमाबरोबर दाखवलेल्या स्थिर किंवा सरकत्या ओळी. हे वाचून मला भरून आलं. दिल्लीतल्या कुठल्याशा टेबलावर बसून कुणीतरी आमच्या बाबांच्या डग्ग्याची काळजी वाहिली होती! जाहिराती तासाला बारा मिनिटांहून जास्त नकोत, आणि त्यातली दोन मिनिटं वाहिनीने स्वतःची टिमकी वाजवायला ठेवावीत, हेही त्याच नियमात आहे. २०१२ साली ‘ट्राय’ने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, आणखी बजावून सांगितलं, जाहिरात दाखवायची तर पडदाभर दाखवा, कोपरे धरून बसू नका. पुढच्याच वर्षी दुरुस्ती झाली, तीत बारा मिनिटं राहिली आणि कोपऱ्यांचं कलम गळालं. बारा मिनिटांचा वाद पुढे न्यायालयात गेला. मूळचा सातवा नियम आपल्या जागी आहे आणि पट्टीही आपल्या जागी आहे. एकाच ओसरीवर वर्षानुवर्षं न बोलता राहणाऱ्या भावांसारखी त्या दोघांनी एकमेकांची सवय करून घेतली आहे.

आणि खरं सांगायचं तर पडद्याचा तळमजला मी लहानपणी तरी कुठे पाहिला होता? आमच्या पुण्यातल्या वाड्यात सुरुवातीला टीव्ही एकच, आणि तो आमच्या खोलीत. लाकडी पेटीतला, सरकत्या दारांचा, वर आईने विणलेला रुमाल. कौलांवरचा अँटेना सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे तोंड करून उभा असे आणि कावळा बसला की त्याचं ध्यान ढळे. १९७२ साली मुंबई केंद्र सुरू झालं आणि १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती आल्या. पण त्या जाहिराती घरंदाज होत्या. यायच्या तेव्हा पडदाभर यायच्या आणि तेवढ्यात पाणी पिऊन येता यायचं. मध्येच चित्र गेलं तर ‘व्यत्यय’ अशी पाटी लागे. त्या एका पाटीमुळे वाड्यातल्या बिगरीतल्या पोरांनाही तो जोडाक्षरांचा डोंगर बिनचूक वाचता येऊ लागला. गुरुजींनी बोट धरून शिकवला असता तर जन्मात आला नसता.

शनिवारी मराठी चित्रपट असे. पाच वाजल्यापासून उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग साचू लागे. पाहुण्यांना पुढे बसवायचं ही घरची शिस्त, त्यामुळे ज्यांचा टीव्ही ते आम्ही सगळ्यात मागे, ट्रंकेवर. तिथून मला पडद्याचा खालचा तिसरा हिस्सा कधीच दिसला नाही. तिथे डोकी होती. रिबिनी, अंबाडे, एक टक्कल, दोन घट्ट वेण्या, मध्येच कुणाच्या तरी मांडीवरून उभं राहणारं एक जावळ. कितीतरी नायक-नायिका मी शेजारच्या काकूंच्या अंबाड्यातून उगवताना आणि त्यातच मावळताना पाहिल्या आहेत. एका तमाशापटातली लावणी मला आजही आठवते ती कमरेपासून वर. नाचणारीच्या पायांत चाळ होते, हे मी केवळ आवाजावरून मानते. आई स्वयंपाकघराच्या दारात कणकेच्या हातांनी उभी असे. तिला आत जाववत नसे आणि बाहेर बसता येत नसे. रंगात आलेल्या प्रसंगात कुणाचं डोकं वर आलं की ती तिथूनच हाक देई, “ए, डोकं खाली घे, मागच्यांना दिसत नाही!” त्यासरशी वाऱ्याने जोंधळा लवावा तशी सगळी रांग एकदम लवे. ज्याचं आलं होतं त्याचंही, ज्याचं नव्हतं त्याचंही. पाच मिनिटांत पुन्हा सगळी कणसं वर. पण ती पाच मिनिटं पडदा पुरा दिसे आणि त्यात पाहिलेलं एखादं अंगण किंवा नदीकाठ पुढे आठवडाभर पुरे.

काल मालिकेत आजोबांचा तेरावा होता. सून आता बदलली आहे, साधी सुती साडी नेसते. जेवायच्या पंगतीत ती पहिलं पान वाढायला वाकली. ‘टिंग’ झालं. नऊ वाजताच्या नव्या मालिकेची नायिका पडद्याच्या खालून उगवली, पाठीवर लांबसडक वेणी, आणि गिरकी घेऊ लागली. पान गेलं, पंगत गेली, वाढणारे हात कोपरापर्यंत गेले. मी रिमोट शोधू लागले. आईने मात्र सवयीने हनुवटी जराशी वर केली, पुढच्याच्या डोक्यावरून बघताना करतात तशी, आणि हात हलवत म्हणाली, “ए वेणीवाली, डोकं खाली घे गं. मागच्यांना दिसत नाही.”

मी सहज मागे वळून पाहिलं. भिंतीशी बाबांची वेताची खुर्ची होती. पुन्हा पडद्याकडे वळले तोवर ती पोरगी एक गिरकी पुरी करून मुकाट्याने खाली गेली होती.